ताब्याआधीचं घर

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण शहरात आता स्वतः घर बांधणारा विरळाच. बांधतो बिल्डर, आणि आपण पाहतो तो त्याचा नमुना फ्लॅट. खरं घर तेव्हा कागदावर असतं. हा कागद वाचायला मी स्वतः कशी शिकले, तेच आज सांगायचं आहे.

मी पुण्यात वकिली करते. बरीच वर्षं माझं काम होतं जुन्या सदनिकांच्या खरेदीचे कागद तपासण्याचं. सोसायटीचा भाग दाखला, ना-हरकत पत्र, मागचे करार, कुणाचा बोजा आहे का. हे झालं की घर डोळ्यांसमोर उभं असायचं. नळ सोडून पाहावा, शेजारणीला विचारावं, पाणी किती वाजता येतं. २०१८ साली मात्र पहिल्यांदाच बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या ग्राहकाच्या बाजूने उभं राहायची वेळ आली.

एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे गृहस्थ आणि शिवणकाम करणारी त्यांची पत्नी. दोघांच्याही घरात स्वतःच्या मालकीचं हे पहिलंच घर. नगर रस्त्यालगत एका प्रकल्पात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर त्यांनी पसंत केलं होतं. एक लाख भरून झाले होते. आता बिल्डरच्या कचेरीतून निरोप आला होता, वीस टक्के भरा, करार मागाहून करू.

इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. १९६३ च्या जुन्या मोफा कायद्यात करारापूर्वी वीस टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येत असे. १ मे २०१७ पासून रेरा पूर्णपणे लागू झाला आणि ती मर्यादा दहा टक्क्यांवर आली. त्याहून जास्त घ्यायचं तर आधी नोंदणीकृत करार. मी तसं पत्र दिलं. आठ दिवसांनी कराराचा मसुदा आला, साठ पानांचा.

जमिनीचा भाग माझ्या सवयीचा होता. सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा शोध. फेरफारात एका बहिणीचं नाव होतं आणि विकसन करारावर फक्त भावांच्या सह्या. जीव टांगणीला लागला. तीन दिवसांनी त्या बहिणीचं नोंदलेलं हक्कसोडपत्र सापडलं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे हे सगळं तपासून झालं असं लोक समजतात. बँकेचा वकील तपासतो, पण बँकेसाठी. तुमचा ताबा केव्हा, पार्किंग कुठे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

खरी अडचण पुढे होती, पैशाच्या हप्त्यांत. राज्याच्या नियमांसोबत कराराचा एक नमुना आहे. त्यात टप्पे दिलेले आहेत. करार झाल्यावर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झालं की पंचेचाळीस, सगळे स्लॅब पडले की सत्तर, आणि शेवटचे पाच टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. आमच्या मसुद्यात जोत्यालाच साठ टक्के होते. फरक छोटा वाटतो, पण काम थांबलं तर काय होतं ते पाहा. पैसे पुढे गेलेले, इमारत मागे राहिलेली, कर्जाचा हप्ता चालू आणि राहत्या जागेचं भाडंही चालू. शिलाईच्या मशीनवर हे दोन्ही निघत नाही.

तारखेचंही तसंच. विक्री पाहणारा तरुण सांगत होता, पुढच्या दिवाळीत ताबा. महारेराच्या संकेतस्थळावर त्याहून पुढची तारीख. आणि करारात तारखेची जागा कोरी! मी विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, ते नंतर भरतो, सगळ्यांचं तसंच आहे.” उशीर झाला तर व्याज मागायचं ते करारातल्या तारखेपासून. तारीख नसेल तर मोजायचं कुठून? मी अडून बसले.

तेव्हा माझेच पक्षकार अवघडले. बाहेर येऊन म्हणाले, “मॅडम, राहू द्या ना. ते म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. अशा वेळी वकिलाला बिल्डरपेक्षा आपल्याच माणसाला समजावणं अवघड जातं. त्यांची पत्नी मात्र म्हणाली, “ताई, तुम्ही तारीख लिहून घ्याच. ब्लाउज द्यायची तारीखसुद्धा मी वहीत लिहिते.” डिसेंबर २०२० ही तारीख करारात आली. हप्तेही नियमाप्रमाणे झाले.

आता माझी चूक. या गृहस्थांचा बेत होता, निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेऊन भाड्याने चालवायची. ते त्यांनी मला सांगितलंही होतं. नमुना फ्लॅटच्या गॅलरीतून त्या तरुणाने खाली बोट दाखवलं होतं, “ती जागा तुमचीच.” माझ्या डोक्यात सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल पक्का होता, की मोफाखाली इमारतीखालची मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. मी म्हटलं, विकताच येत नाही तर करारात लिहायचं काय? जुन्या कायद्याच्या डोक्याने मी नवा करार वाचत होते. रेराच्या नमुना करारात आच्छादित पार्किंगसाठी वेगळं कलम आहे. ते आमच्या करारात कोरं राहिलं, आणि मी ते सोडून दिलं.

२०२० साली कोविड आला. महारेराने प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, ती रास्तच होती. पण जून २०२१ उलटला. दसऱ्याला कचेरीतून फोन आला, “फर्निचरसाठी ताबा घ्या.” भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. मी नको म्हटलं. वहिनी माझ्यावर चिडल्या, कारण तोरणसुद्धा आणून ठेवलं होतं. चार महिने आणखी भाडं भरावं लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रमाणपत्रासह किल्ली मिळाली. उशिराच्या व्याजापोटी शेवटच्या पाच टक्क्यांतली काही रक्कम वळती झाली, ती केवळ करारात तारीख होती म्हणून.

गाडीला जागा मात्र मिळाली नाही. आच्छादित जागा इतरांच्या करारांत गेल्या होत्या, आणि उघड्या थोड्या जागा सोसायटी आळीपाळीने देते. गाडी बहुधा रस्त्यावर उभी असते. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने सांगितलं, की पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची हा तपशील करारासोबत जोडा. ते परिपत्रक वाचताना मला ती गॅलरी आठवली. तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच विचारते, गाडी कोणती, किती, पुढे कोणती घेणार. लोकांना वाटतं बाई गप्पा मारते.

मध्यंतरी वहिनींचा फोन आला. न्हाणीघराच्या छताला ओल धरली आहे, वरच्या मजल्यावरून. मी म्हटलं, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवला, तर तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. फोटो काढा, तारीख घाला, लेखी कळवा.

“फोन करून सांगितलं तर नाही का चालणार, ताई?”

“नाही,” मी म्हटलं. संध्याकाळी स्पीड पोस्टाच्या पावतीचा फोटो माझ्या मोबाइलवर आला, आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘वहीतपण लिहून ठेवलंय.’