कार्टून आहे, म्हणून मुलांचं?

हेडफोन लावलेत ना? लावाच, कारण आज थोडं चावट बोलायचंय. प्रश्न असा आहे: सहाशे वर्षांपूर्वीच्या चावट गोष्टींचं ॲनिमेशन केलं, तर ते लहान मुलांना दाखवायचं का?

उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ. जेफ्री चॉसर. चौदाव्या शतकातला इंग्लिश कवी. पोटापाण्याची नोकरी लंडनच्या बंदरावर, लोकरीच्या जकातीचे हिशेब बघायची. १३८७च्या सुमारास त्याने 'कँटरबरी टेल्स' लिहायला घेतलं, आणि १४०० साली तो गेला तेव्हा ते अपुरंच होतं. कल्पना भारी आहे. आपल्याकडे वारीला निघतात तसे सगळ्या थरांतले लोक कँटरबरीच्या यात्रेला निघालेत, फक्त घोड्यांवरून. वाटेत कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येकाने गोष्टी सांगायच्या. सरदार सरदारासारखी सांगतो, आणि पिठाची चक्की चालवणारा, टाइट झालेला गडी त्याच्या स्टाइलने सांगतो.

या गोष्टींवर १९९८ साली बीबीसी, वेल्सची एस४सी वाहिनी आणि मॉस्कोचा ख्रिसमस फिल्म्स स्टुडिओ यांनी मिळून ॲनिमेशन काढलं. जोनाथन मायरसन त्याचा दिग्दर्शक. अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन फिल्म्स, तिसरी २००० साली आली. यात्रेकरू म्हणजे स्टॉप मोशनमधल्या बाहुल्या, आणि आतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चित्रशैलीत. १९९९ला ऑस्करचं नामांकनही मिळालं. दिसायला एकदम गोड काम. आणि तिसऱ्या फिल्ममध्ये ती चक्कीवाल्याची गोष्ट आहे.

गोष्ट ऐका. एका म्हाताऱ्या सुताराने अठरा वर्षांच्या ॲलिसनशी लग्न केलंय. घरात भाडेकरू म्हणून राहणारा विद्यार्थी निकोलस म्हाताऱ्याला थाप मारतो, की महापूर येतोय, छताला टब टांगून त्यात झोप. म्हातारा वर, हे दोघं खाली. तेवढ्यात दुसरा एक आशिक अंधारात खिडकीशी येऊन चुंबन मागतो. ॲलिसन खिडकीतून तोंडाऐवजी ढुंगण बाहेर काढते. तो चिडून लोहाराकडून तापलेलं लोखंड आणतो. या वेळी निकोलस ढुंगण बाहेर काढून जोरात पादतो, आणि चटका खातो. तो 'पाणी, पाणी' ओरडतो, म्हाताऱ्याला वाटतं पूर आला, तो दोर कापतो आणि धाडकन खाली. हात मोडतो.

आता मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला आधी फिल्टर दिसतो. आपल्या डोक्यात एक डीफॉल्ट सेटिंग असतं: कार्टून म्हणजे मुलांचं. खरं तर ॲनिमेशन हे फक्त तंत्र आहे, वयोगट नाही. बरं, हे सेटिंग बदललं तरी दुसरा फिल्टर चालू होतो, शब्द पकडणारा. ढुंगण? कट. पादणं? कट. चुंबन? कट. मुद्दा इथे आहे. हा फिल्टर चुकीच्या गोष्टी अडवतो आणि चुकीच्या गोष्टी आत सोडतो.

पुरावा देतो. १८७७ साली मेरी एलायझा हॉइस या लेखिकेने 'चॉसर फॉर चिल्ड्रन' नावाचं पुस्तक काढलं. त्यात चक्कीवाल्याच्या गोष्टीला जागा नव्हती, ग्रिसेल्डाच्या गोष्टीला होती. ग्रिसेल्डा गरीब घरातली. एक उमराव तिच्याशी लग्न करतो, अट एकच: मी म्हणेन ते ऐकायचं. मग तिची परीक्षा बघायला तो तिची मुलगी काढून घेतो, नंतर मुलगा. दोघांना मारलं असं तिला भासवतो. ती एक शब्द बोलत नाही. मग तो तिला घराबाहेर काढतो, आणि शेवटी सांगतो, परीक्षा होती, पास झालीस. सगळे खूश! अख्ख्या गोष्टीत एक चावट शब्द नाही. शेवटी चॉसर उपरोधाने बायकांना सांगतो, की असं मुकाट सोसू नका. पण तो उपरोध सात वर्षांच्या मुलीला कोण समजावणार? तिला एवढंच कळणार, की चांगली बायको गप्प बसते.

अजून एक. त्याच तिसऱ्या फिल्ममध्ये रीव्ह, म्हणजे जमीनदाराचा कारभारी, याचीही गोष्ट आहे. चक्कीवाला पीठ चोरतो म्हणून दोन विद्यार्थी सूड उगवतात. रात्री अंधारात एक जण त्याच्या मुलीच्या अंथरुणात शिरतो. दुसरा पाळणा हलवून बायकोला फसवतो, तिला वाटतं आपण नवऱ्याशेजारीच झोपलोय. वरवर बघितलं तर निव्वळ गोंधळाचा विनोद. पण त्या दोघींना कोणी विचारलंय का? भांडण पुरुषांचं, आणि किंमत चुकवली बायकांनी. पादण्याच्या विनोदाने दहा वर्षांच्या पोराचं काही बिघडत नाही, ते त्यात आधीच एक्स्पर्ट असतं. पण हा विनोद त्याला शिकवतो, की बदला असा घ्यायचा असतो.

आपल्याकडचं उदाहरण पंचतंत्र. विष्णुशर्म्याने ते तीन राजपुत्रांना, म्हणजे पोरांनाच शिकवायला रचलं, अशी त्याची चौकट. आणि मूळ ग्रंथात प्रियकराकडे निघालेली विणकराची बायको आहे, तिच्या जागी खांबाला बांधून घेऊन नाक गमावणारी न्हाव्याची बायकोही आहे. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा दिसत नाही. ते मला पटतंही, पण कारण चावटपणा नसावं. नाक कापण्यावर हसायला लावणं हे कारण असावं.

मग घरी काय करायचं? २०२१च्या नियमांनुसार आपल्या ओटीटीवर यू/ए ७+, १३+, १६+ असे टॅग असतात. ते बघाच, पण तिथे थांबू नका. भाचा-पुतणीला काही लावून देण्याआधी स्वतः एकदा बघा आणि दोन प्रश्न विचारा. या विनोदात मार कोणाला बसतो, माजलेल्याला की ज्याने काही केलंच नाही त्याला? आणि गोष्ट आपल्याला कोणाच्या बाजूने हसायला लावते?

माझं उत्तर सांगतो. चक्कीवाल्याची गोष्ट मी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शेजारी बसून दाखवेन. रीव्हची सोळाच्या पुढे, आणि नंतर गप्पा कंपल्सरी. ग्रिसेल्डा लहान मुलांना एकटं सोडून कधीच नाही.

गंमत म्हणजे चॉसरने हा प्रश्न ओळखला होता. चक्कीवाल्याची गोष्ट सुरू होण्याआधी तो वाचकाला सरळ सांगतो, की ही नको असेल तर पान उलटा, दुसरी निवडा. सहाशे वर्षांपूर्वीची वॉर्निंग! पण पान उलटून कुठलं उघडायचं, ते मुलांच्या वतीने आपल्यालाच ठरवावं लागतं. तुम्ही कसं ठरवता? कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडला.