भित्तिपत्रके आणि लोकवर्तन



दिल्लीच्या रस्त्यांवर गेल्या सहा दशकांत झळकलेली शासकीय भित्तिपत्रके म्हणजे देशाच्या विकासधोरणाचा संक्षिप्त इतिहासच होय. भारताने 1952 मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लाल त्रिकोण आणि आई-वडील व दोन मुलांचे हसरे चेहरे भिंतीभिंतींवर दिसू लागले. निरक्षर व्यक्तीलाही अर्थ उमगावा, हा त्यामागील हेतू होता.

तथापि, संदेश समजणे आणि तो स्वीकारणे यांत अंतर असते. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असताना गरीब आई-वडिलांना लहान कुटुंब जोखमीचे वाटणे स्वाभाविक होते. आणीबाणीत हे अंतर सक्तीने मिटवण्याचा प्रयत्न झाला. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातून निर्माण झालेला अविश्वास इतका खोल होता की 1977 मध्ये कार्यक्रमाचे नावच 'कुटुंब कल्याण' असे करावे लागले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुष नसबंदीचा वाटा केवळ 0.3 टक्के, तर स्त्रियांच्या नसबंदीचा सुमारे 38 टक्के आढळला. नियोजनाचा भार अशा रीतीने स्त्रियांवरच राहिला.

याउलट पल्स पोलिओ मोहीम दिल्लीत 1994 मध्ये सुरू झाली व पुढील वर्षी देशभर पोहोचली. 'दो बूँद जिंदगी की' या फलकामागे जवळचे लसीकरण केंद्र, मोफत लस आणि घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. शंका घेणाऱ्या कुटुंबांशी स्थानिक मंडळींनी संवाद साधला. देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

2014 च्या स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी साकारले. तेथेही संदेशाला शौचालयासाठीच्या अनुदानाची जोड होती.

दिल्लीतील 2020 च्या 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहिमेचा प्रश्न अधिक कठीण होता. सिग्नलवर इंजिन बंद करणाऱ्याचे थोडे इंधन वाचते. परंतु धूर कमी झाल्याचा लाभ सर्वांत विभागला जातो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. अशा वेळी केवळ आवाहन अपुरे पडते.

सारांश, भित्तिपत्रक माहिती पोहोचवते. वर्तन बदलण्यासाठी मात्र सुलभ सुविधा आणि शासनावरील विश्वास आवश्यक असतो. धोरणाचे मूल्यमापन करताना फलकावरील घोषणेबरोबरच त्यामागील व्यवस्थाही तपासावी लागते.