जनित्राचा वेग आणि विजेचा भार

लग्नसराईत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील खासगी बाजारातून वरात निघाली, की दिव्यांच्या रांगेमागून गाडीवर ठेवलेले एक डिझेलचे यंत्र धडधडत चाललेले दिसते. केवळ दिवे चालू असतात तोवर त्याचा आवाज एकसुरी असतो. मोठा ध्वनिक्षेपक त्याला जोडला, की तो आवाज क्षणभर दबतो, दिवे किंचित मंदावतात आणि मग यंत्र पुन्हा नेटाने बोलू लागते. वरातीतील मंडळींचे तिकडे लक्षही जात नाही. परंतु कोयनेच्या प्रचंड यंत्रांचे आणि या लहानशा यंत्राचे शास्त्र एकच असून, त्या क्षणभर दबलेल्या आवाजात त्याचे सारे मर्म साठविलेले आहे.

प्रत्यावर्ती वीज निर्माण करणाऱ्या जनित्रास व्यवहारात आल्टरनेटर म्हणतात. त्याची मुख्य अंगे दोन : एक फिरते चुंबक आणि दुसरी त्याच्या भोवतालची तांब्याच्या तारेची स्थिर गुंडाळी. चुंबकाचे उत्तर व दक्षिण ध्रुव एकामागून एक तारेसमोरून गेले, की विजेचे एक आवर्तन पुरे होते. भारतात सेकंदाला ५० आवर्तने ही कंप्रता ठरलेली आहे. म्हणून दोन ध्रुवांच्या जनित्रास मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात, तर चार ध्रुवांच्या जनित्रास १,५००. वेग दहा टक्क्यांनी घटला तर आवर्तने ५० ची ४५ होतात. आणि चुंबकाची शक्ती तीच राहिली, तर तारेत उत्पन्न होणारा दाबही दहा टक्क्यांनी उतरतो. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कंप्रता केवळ वेगाच्या अधीन आहे. दाबाला मात्र दुसराही लगाम आहे, तो म्हणजे चुंबकाच्या गुंडाळीस दिला जाणारा प्रवाह.

यंत्र फिरतच आहे, तेव्हा आणखी चार दिवे लावले तर काय बिघडते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. स्थिर गुंडाळीतून प्रवाह वाहू लागला, की त्याचे स्वतःचे चुंबकत्व निर्माण होते आणि ते फिरत्या चुंबकाला मागे ओढू लागते. प्रवाह जितका अधिक, तितकी ही ओढ अधिक. दबलेला आवाज तो हाच. वेग उतरताच इंजिनाचा गतिनियामक इंधनाचा मार्ग अधिक मोकळा करतो आणि यंत्र सावरते. साध्या नियामकात थोडा उतार मुद्दाम ठेवलेला असतो. चार टक्के उतार असेल, तर पूर्ण भारावर १,५०० फेरे घेणारे यंत्र रिकामे असताना १,५६० फेरे घेते.

भार किती, याइतकेच तो कोणत्या जातीचा, हेही महत्त्वाचे आहे. साधा तापदीप किंवा शेगडी यांचा प्रवाह दाबाबरोबर चालतो. पाण्याच्या पंपाच्या मोटारीचा प्रवाह मात्र दाबाच्या मागे रेंगाळतो, आणि असा रेंगाळणारा प्रवाह जनित्राच्या चुंबकत्वाला क्षीण करतो. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने दाब अधिक घसरतो. शिवाय मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणूनच १० किलोव्होल्ट-अँपिअरचे जनित्र ०.८ शक्तिगुणकावर ८ किलोवॉटच देते. किलोवॉटची मर्यादा इंजिनाच्या बळाने ठरते आणि अँपिअरची मर्यादा तारेच्या तापण्याने.

दिवे मंदावले म्हणून इंजिनाचा वेग वाढविणे हा रोगावरचा उपाय नव्हे. भार एकाएकी निघून गेला, तर वेग व दाब दोन्ही उसळतात आणि जोडलेली उपकरणे जळतात. उलट, इंधन वाचावे म्हणून यंत्र मंद चालविले, तर स्वयंचलित दाबनियंत्रक दाब टिकविण्यासाठी चुंबकाच्या गुंडाळीत अधिकाधिक प्रवाह घालतो. गुंडाळी व लोखंड दोन्ही तापतात. तेव्हा आधी वेग योग्य कंप्रतेवर बसवावा, मग दाब नियंत्रकाने जुळवावा. मोठी मोटार आधी सुरू करावी आणि बाकीचा भार पायरीपायरीने चढवावा.

हाच नियम देशाच्या विद्युत्‌जाळ्यासही लागू आहे, आणि त्याचा कठोर प्रत्यय ग्वाल्हेरच्याच वाटेवर आला. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. तारेत कोठेही बिघाड नव्हता; परंतु भार इतका चढला आणि दाब इतका उतरला होता, की संरक्षक रिलेने त्यालाच बिघाड मानले. पश्चिमेकडून उत्तरेस जाणारी वीज अडली, उत्तरेची जनित्रे इतर जनित्रांच्या तालातून सुटली आणि मागे उरलेल्या जनित्रांना आपला भार पेलवेना. वेग घसरत गेला. अशा वेळी आपोआप भार तोडणारी साधने पुरेशी कामास आली नाहीत आणि सुमारे ३६,००० मेगावॉटचा पुरवठा नाहीसा झाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा बंद पडली, आणि या वेळी उत्तर, पूर्व व ईशान्य भारत मिळून सुमारे ४८,००० मेगावॉटचा पुरवठा गेला. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. पश्चिम बंगालच्या कोळसाखाणींत सुमारे दोनशे कामगार भूगर्भात अडकून पडले. सुदैवाने ते पुढे सुखरूप बाहेर आले.

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळेही उर्वरित भारताशी जोडले गेले. आता या जाळ्याला जोडलेली लहानमोठी सारी तुल्यकालिक जनित्रे एकाच तालात फिरतात आणि कंप्रता ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचा कटाक्ष असतो. खासगी बाजारातील एखाद्या दुकानदाराने सायंकाळी दिव्याचे बटण दाबले, की त्याचा सूक्ष्म भार कोयनेपासून हिमालयापर्यंतच्या प्रत्येक जनित्रावर पडतो आणि ते अणुमात्र का होईना, मंदावते. एकाचा भार कणभर असतो. परंतु अशा कोट्यवधी कणांचा हिशेब क्षणोक्षणी जुळवीत राहणे, यावरच दिवा लागणे न लागणे अवलंबून आहे.