घरच्या दप्तराची नवी मांडणी



पूर्वीं बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असे. तींत घराचा उतारा, मुलांचे दाखले, विम्याचें पत्र आणि लग्नाच्या खर्चाच्या याद्या फडक्यांत बांधून ठेवलेल्या असत. त्या पेटीची जागा आतां संगणकानें घेतली आहे. पेटीला एक मोठी सोय होती. ती भरली कीं झांकण लागत नसे, आणि मग घरांतील वडील माणूस एकाद्या रविवारीं बसून निरुपयोगी कागद काढून टाकी. संगणकाचें झांकण कधींच अडत नाहीं. त्यामुळें त्यांत कागद साठत जातात, पण दप्तर तयार होत नाहीं.

हा भेद किती महाग पडतो हें मीं गेल्या वर्षीं पाहिलें. माझे थोरले मेहुणे अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. एका रात्रीं त्यांना अर्धांगाचा झटका आला व वाचा गेली. इस्पितळांत आरोग्यविम्याचें पत्र मागितलें, म्हणून त्यांच्या मुलीनें घरीं येऊन संगणक उघडला. पत्र होतें, एक नव्हे, चार होतीं. एका फाइलीचें नांव ‘पॉलिसी’, दुसरीचें ‘पॉलिसी नवी’, तिसरीचें ‘पॉलिसी अंतिम’ आणि चौथीचें ‘पॉलिसी अंतिम खरी’. पोरीनें साहजिकच ‘अंतिम खरी’ उचलली. ती तीन वर्षांपूर्वींची, मुदत सरलेली निघाली! चालू पत्र ईमेलमधून उतरविलेल्या फाइलींच्या ढिगांत, नुसत्या आंकड्यांच्या नांवाखालीं पडलें होतें. तें सांपडेपर्यंत दोन दिवस गेले, आणि तोंपर्यंतचा खर्च जांवयानें घरासाठीं शिल्लक टाकलेल्या पैशांतून भागविला. पत्र कोठें आहे हें मेहुण्यांना पक्कें ठाऊक होतें. त्यांना सांगतां येत नव्हतें.

तेव्हांपासून, कागद ठेवतांना तो आपल्यावांचून ज्याला शोधावा लागेल तें माणूस मी डोळ्यांपुढें आणतों.

आपल्या इतिहाससंशोधकांना ही अडचण चांगली परिचयाची आहे. मराठेशाहींतील कित्येक पत्रांच्या शेवटीं चंद्र किंवा तिथि असते, पण वर्ष नसतें. लिहिणाराला व वाचणाराला चालू साल माहीतच होतें; तें लिहावें कशाला? परंतु गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हां अशा कागदांचा काळ आंतल्या मजकुरावरून ताडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ‘पॉलिसी अंतिम’ हें त्याच कुळांतलें नांव आहे. लिहिणाराला अर्थ होता, दुसऱ्याला नाहीं.

म्हणून फाइलीच्या नांवांत तीन गोष्टी असाव्या: केव्हांचें, कोणाचें, काय. तारीख आरंभीं घालावी, आणि तींतहि वर्ष पहिलें, महिना दुसरा, दिवस शेवटीं, या क्रमानें. ही कांहीं माझी लहर नव्हे. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें १९८८ सालीं हाच क्रम ठरविला. संगणक नांवें अक्षरांच्या व अंकांच्या क्रमानें मांडतो. दिवस आधीं लिहिला तर निरनिराळ्या वर्षांच्या सर्व पहिल्या तारखा एकमेकींच्या गळ्यांत पडतात. वर्ष आधीं लिहिलें तर कागद आपोआप काळाप्रमाणें लागतात. मात्र मार्च महिना ३ असा न लिहितां ०३ असा लिहावा. तारखेंत आपण घालतों ती तिरपी रेघ विंडोज प्रणालीला नांवांत चालत नाहीं. तेथें आडवी रेघ द्यावी. विम्यासारख्या कागदाची मुदतहि नांवांतच घालावी. ‘२०२४-०३-१२ आई आरोग्यविमा २०२५-०३-११ पर्यंत’ हें नांव लांब आहे खरें, पण तें वाचून मध्यरात्रीं कोणी फसणार नाहीं.

कोणी म्हणेल, संगणक क्षणांत शोधून देतो, मग हे श्रम कशाला? तो शब्द शोधतो, आणि तो शब्द आपल्याला आठवावा लागतो. शिवाय स्कॅन केलेला कागद म्हणजे मुळांत एक छायाचित्र. त्यांतील छापील अक्षरें वाचणारीं साधनें आतां आहेत. परंतु आजोबांच्या हातच्या मराठी अक्षराचा भरंवसा त्यांच्यावर टाकूं नये.

मराठी घरांत आणखी एक धोका आहे. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, व तींत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळालें. पण तें आपल्या घरोघरीं पोंचावयास बरींच वर्षें लागलीं. तोंपर्यंत आपण ज्या फॉन्टांत मराठी लिहीत होतों, त्यांतील कित्येकांत रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरी वळणें बसविलेलीं असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वडिलांच्या आठवणी उघडल्या, तर समोर रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. अशा फाइली घरांत असतील तर जुनें यंत्र मोडींत देण्यापूर्वींच मजकूर युनिकोडमध्यें बदलून घ्यावा, व एक पीडीएफ प्रत जोडून ठेवावी. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं.

फोल्डर थोडेच करावे: घर, आरोग्य, पैसा व कर, शिक्षण, ओळखपत्रें; एवढ्यांत बहुतेक संसार मावतो. एक मात्र ‘आवक’ नांवाचा असावा. येईल तो कागद त्यांत पडावा आणि आठवड्यांतून एकदां तो रिकामा व्हावा. सरकारी दाखल्यांसाठीं २०१५ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेलें डिजिलॉकर जरूर वापरावें.

प्रती तीन असाव्या. त्या दोन निराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकांठच्या ज्या घरांत पाणी शिरलें तेथें मूळ व नक्कल एकदमच बुडालीं असतील. दोन यंत्रें एकमेकांशीं आपोआप जुळवून ठेवणारी सोय ही प्रत समजूं नये. येथें चुकून पुसलें तर बहुधा तेथेंहि पुसलें जातें.

मेहुण्यांची वाचा आतां बरीचशी परतली आहे. मुलीनें त्यांच्या कपाटाच्या दाराला आंतून एक छापील कागद चिकटविला आहे: संगणकांत काय कोठें आहे, बाहेरची प्रत कोणापाशीं आहे, चालू विम्याचा क्रमांक काय, आणि परवलीचे शब्द असलेलें बंद पाकीट कोणाकडे मागावें. तो कागद मेहुण्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचला, आणि पेन्सिल मागून घेतली. खालीं तारीख होती. वर्ष घालावयाचें राहिलें होतें.