मैदानावरील संघटना



आम्ही कारखान्याच्या फाटकावर शिकलेली माणसे. पण संघटना कशी उभी राहते, ते आम्हांला ठाऊक आहे. लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा खेळ. काठीच्या टोकाला जाळी; तिने चेंडू झेलायचा नि फेकायचा. स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्‌स शाळेने १८९० साली तो मुलींच्या हाती दिला. तेथे शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली अमेरिकेत, बॉल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत, मुलींचा संघ उभा केला. लॅक्रॉसच्या राष्ट्रीय ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, पण साल होते १९९२! मानाला ६६ वर्षे लागली; खेळ त्यासाठी थांबला नाही. आपल्यामागे संघ टिकतो का, हीच शिक्षकाची परीक्षा, आणि आमचीही.