लाल बावट्याची झील

मांजरसुंब्याच्या चौकातून सोलापूरच्या अंगाला निघालं, की चौसाळा, येरमाळा करत बार्शीला जाता येतं. शाहीर अमर शेख त्या बार्शीचे. जन्म १९१६ चा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे; लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला पोचलेले. या दोघांनी द. ना. गवाणकरांना सोबत घेऊन १९४४ साली मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि बार्शी इंग्रजी मुलखात.

लेखणी अण्णा भाऊंची, पहाडी आवाज अमर शेखांचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांबद्दल. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते, आणि दुसऱ्यांदा कानी पडलेली ओळ ऐकणाऱ्याच्या तोंडी बसते. गिरणगावातल्या सभेत बसलेल्या अक्षरशत्रू कामगारालाही पोवाडा पाठ व्हायचा, तो या झिलीमुळे. एकट्या गायकाचं हे काम नव्हे, कितीही मोठा गळा असला तरी.

या पथकानं तमाशाची मांडणीच बदलली. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं, कृष्णाची गौळण गेली, आणि वगात सावकार, पुढारी, गिरणीमालक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं पथकावर बंदी घातली. मंडळींनी गाणं सोडलं नाही. तमाशाला बंदी, तर लोकनाट्य म्हणून ते लोकांपुढे आले.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्या काळातली. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गड्याची गावाकडं राहिलेल्या बायकोसाठीची तळमळ सांगता सांगता ती बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत जाते. दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या आणि लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून जाणाऱ्या आपल्या माणसांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

१९६० ला महाराष्ट्र झाला. १९६९ च्या १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. त्यांची आठवण निदान पुस्तकांत आहे. गवाणकरांचं नाव मात्र फार थोड्यांच्या ओठी येतं, आणि झीलकऱ्यांची नावं तर त्याहून कमी. आपल्या भागातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी अशी कलापथकं ऐकली असतील, त्यांच्यापाशी बसा. मागे कोण कोण गात होतं, डफ कुणाच्या हाती होता, तुणतुणं कोण धरायचं, ते विचारा, आणि नावानिशी लिहून ठेवा.