स्फूर्ति कोठें राहते?

चित्रकार, छायाचित्रकार, नक्षीकार, किंवा घरच्या समारंभाची सजावट मन लावून करणारी एखादी गृहिणी, यांना आपण नेहमीं एकच प्रश्न विचारतों : "हें तुम्हांला सुचलें कसें?" या प्रश्नाच्या पोटांत एक समजूत दडलेली असते. ती अशी कीं, स्फूर्ति ही कोठून तरी दुरून येणारी वस्तु आहे; तिचें वास्तव्य मुंबईस, कलकत्त्यास किंवा पॅरिसला असतें आणि आमच्या जळगांव-धुळ्याच्या वाटेस ती सहसा फिरकत नाहीं. उन्हानें तापलेली काळी जमीन, कापसाच्या गाड्या, केळीच्या बागा आणि आगगाडीचे फाटे यांत कलावंताला सुचण्यासारखें काय आहे, असें आमचींच माणसें विचारतात. ही समजूत खरी नाहीं, इतकेंच नव्हे तर ती आमच्या मुलांचें नुकसान करते, असें माझें मत आहे. आणि तें मी आज खानदेशांतल्याच उदाहरणांनीं आपणांपुढें मांडणार आहें.

वर्गाला "देखावा काढा" असें सांगितलें कीं काय होतें, हें ज्यानें जन्मभर हातीं खडू धरला आहे त्याला ठाऊक असतें. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, वळणें घेत येणारी नदी, तिच्या कांठीं झोपडी आणि झोपडीशेजारीं नारळाचें झाड! खिडकीबाहेर निंब उभा असतो, पलीकडे कपाशीचें शेत फुललेलें असतें. पण चाळीस मुलांपैकीं एकाचेंहि डोकें तिकडे वळत नाहीं. नारळाचीं झाडें त्यांपैकीं पुष्कळांच्या गांवांत नसतात. मग तीं चित्रांत येतात कोठून? दुसऱ्याच्या चित्रांतून. मुलानें देखावा पाहिलेला नसतो, देखाव्याचें चित्र पाहिलेलें असतें. आतां तर मुलांच्या हातीं मोबाइल आला आहे. एका संध्याकाळीं तीं जितकीं चित्रें पाहतात, तितकीं त्यांच्या पणज्यानें साऱ्या जन्मांत पाहिलीं नसतील. चित्रें उदंड झालीं, पाहणें मात्र उणें झालें.

याच्या उलट प्रकार कसा असतो, तें पाहण्यासाठीं आपण यावल तालुक्यांतील फैजपूर या गांवीं जाऊं. तोंवर काँग्रेसचीं अधिवेशनें शहरांतून भरत. खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन तें फैजपूरचें, १९३६ च्या डिसेंबर महिन्यांतलें. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. नगराच्या आणि प्रदर्शनाच्या सजावटीसाठीं महात्मा गांधींनीं शांतिनिकेतनांतून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलें. अट एकच होती : शहरी थाट नको; जें उभें राहील तें खेड्यांत मिळणाऱ्या साहित्यांतून आणि खेड्यांतल्या कारागिरांच्या हातून उभें राहिलें पाहिजे.

एखाद्या सामान्य सजावटकारानें अशा अटीपुढें हात टेकले असते. त्याला मखमल हवी, रंगीत कागद हवे, विजेचीं झुंबरें हवींत. नंदलालांनीं बांबूकडे पाहिलें. बांबू हा आपण रोज पाहतों. त्याच्या टोपल्या करतों, तट्ट्या करतों, मांडव घालतों. पण त्याला स्वतःची एक सरळ, उंच, डौलदार रेषा आहे, तो चिरला तर वांकतो आणि वांकला तर कमान होतो, याकडे आपलें लक्ष जात नाहीं. त्यांचें गेलें. अध्यक्षांची मिरवणूक निघाली तीहि मोटारींतून नव्हे, तर बैलांच्या सजविलेल्या रथांतून. ज्या खानदेशांत पोळ्याच्या दिवशीं शेतकरी बैलांचीं शिंगें रंगवितो, पाठीवर झूल घालतो, गळ्यांत घुंगरमाळा बांधतो, त्या खानदेशाच्या डोळ्यांना तो थाट परका वाटण्याचें कारण नव्हतें. जें घरोघर होत होतें, तेंच एका कलावंतानें मोठें करून लोकांपुढें ठेविलें. प्रदर्शनाचें उद्घाटन करतांना गांधीजींनीं मांडणीचें श्रेय वास्तुशिल्पी म्हात्रे आणि नंदलाल बोस यांना दिलें होतें.

फैजपूरचें हें बीज पुढें चांगलें रुजलें. १९३८ सालीं गुजरातेंत हरिपुरा येथें अधिवेशन भरलें, तेव्हां नंदलालांनीं ऐशींहून अधिक चित्रफलक स्वतः रंगविले. त्यांत देवादिक किंवा राजेरजवाडे नव्हते. ढोल वाजविणारे, शिंपी, सुतार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असे गांवचे लोक होते. आणि भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखिताचीं पानें सजविण्याचें काम आलें, तेंहि याच कलावंताकडे आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांकडे.

बांबूकडे पाहून कमान दिसावी, ही दृष्टि मात्र एका दिवसांत येत नाहीं. नंदलालांना ती लाभण्यास ज्या गोष्टी कारण झाल्या, त्यांपैकीं एक पुन्हां आमच्या शेजारचीच आहे. १९०९ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीनें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्याचें काम आरंभिलें, तेव्हां मदतीस जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल होते, असितकुमार हलदार होते. अजिंठा हा खानदेशाच्या सीमेला लागून. जळगांव स्टेशनापासून साठएक किलोमीटरांवर. जळगांवचीं किती कुटुंबें तेथें सहलीस जातात, अंधाराला नांवें ठेवितात, वानरांना चणे घालतात आणि दोन तासांत परत येतात! हे तरुण एकेका हाताच्या बोटांची रेषा कागदावर उतरविण्यासाठीं त्या अंधारांत तासचे तास उभे राहिले.

येथें कोणी म्हणेल, "ही तर नक्कलच झाली, मग नारळाचें झाड काढणाऱ्या मुलानें काय पाप केलें?" दोहोंत फरक आहे. मुलाची नक्कल पाहण्याचे श्रम चुकविण्यासाठीं असते. अभ्यासकाची नक्कल पाहण्याची सक्ति स्वतःवर करून घेण्यासाठीं असते. शिवाय अजिंठ्याचे मूळ चित्रकार तरी काय करीत होते? छतांवर दृष्टि टाकावी : कमळें, हंस, हत्ती, बैल, फळांचे घोस. त्यांनीं भिंतीला जो गिलावा दिला तो मातीचा, त्यांत भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु कालवलेले. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग दगडमातीचे. काळा दिव्याच्या काजळीचा. निळा तेवढा दूरदेशच्या लाजवर्दी दगडाचा. ही निळ्या रंगाची गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अजिंठ्यापायीं आयुष्य वेंचलेला आणखी एक मनुष्य खानदेशच्या मातींतच विसांवला आहे. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासी पलटणींतला अधिकारी १८४४ सालीं प्रतिकृति करण्यास नेमला गेला. वर्षानुवर्षें खपून त्यानें मोठमोठे तैलपट लंडनला पाठविले. १८६६ मध्यें सिडनहॅमच्या स्फटिकमहालाला आग लागली आणि त्यांतले बहुतेक भस्म झाले. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुन्हां प्रतिकृति करविल्या. त्यांतल्याहि बऱ्याच १८८५ मध्यें लंडनला आगींत गेल्या. पट गेले, पण त्या कामांतून तयार झालेले पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार राहिले. गिलनें तर आपल्या हयातींतच कुंचल्याच्या जोडीला कॅमेरा घेतला होता आणि त्यानें घेतलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं लंडनला निघालें. १८७९ सालीं तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. भुसावळ म्हणजे गाडी बदलण्याचें ठिकाण, एवढेंच जाणणाऱ्यांनीं हेंहि जाणावें.

कॅमेऱ्याची गोष्ट निघाली म्हणजे चाळीसगांवचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कैखुश्रू माणेकजी मूस, ज्यांना सारे केकी मूस म्हणत, हे पारशी गृहस्थ १९१२ सालीं मुंबईस जन्मले. विलायतेंत व्यापारी चित्रकलेचें शिक्षण घेतलें आणि परत आले ते चाळीसगांवीं, स्टेशनाजवळच्या आपल्या घरीं. त्या घराला त्यांनीं रेम्ब्रां या डच चित्रकाराचें नांव दिलें आणि पुढचें आयुष्य, म्हणजे १९८९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ते जवळ जवळ त्या घराबाहेर पडलेच नाहींत. कोणा प्रिय व्यक्तीची वाट पाहत ते रात्रीं पंजाब मेल जाईपर्यंत जागे राहत, अशी कथा गांवांत सांगतात. ती हृदयाला भिडणारी आहे. पण तिच्यापायीं एका मोठ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतें. ती गोष्ट म्हणजे त्यांचें टेबल.

टेबलावर लहानसहान वस्तु मांडावयाच्या आणि त्यांतून अख्खा देखावा उभा करून त्याचें छायाचित्र घ्यावयाचें, या कलेंत मूस यांनीं देशोदेशीं नांव मिळविलें. ही जादू घडते कशी? छायाचित्राला मोजपट्टी नसते. चित्रांतली वस्तु लहान कीं मोठी, हें आपण शेजारच्या वस्तूवरून ठरवितों. म्हणून मिठाचा थर बर्फाचें मैदान होऊं शकतो, वाळलेली काडी पर्णहीन वृक्ष होऊं शकते आणि कापसाचा पुंजका ढग होऊं शकतो. अट एवढीच कीं, शेजारीं खरें माप सांगणारी वस्तु नसावी. भिंग टेबलाच्या पातळीवर आणावें लागतें, कारण उभा मनुष्य देखाव्याकडे छपरावरून पाहत नाहीं. भिंगाचें छिद्र अगदीं बारीक ठेवावें लागतें, म्हणजे जवळचें व दूरचें दोन्ही स्पष्ट उमटतें. आणि छिद्र बारीक म्हणून प्रकाश अधिक वेळ आंत घ्यावा लागतो. दिवा एका बाजूस, खालीं ठेवला कीं लांब सांवल्या पडतात व सायंकाळ होते. वर नेला कीं दुपार होते. यांत महाग असें कांहीं नाहीं. पण सायंकाळची सांवली खरोखर कोणत्या बाजूनें, किती लांब पडते, हें ज्यानें अनेकदां न्याहाळलें नाहीं, त्याच्या टेबलावर सायंकाळ होणार नाहीं. नुसता दिवा जळेल.

"पण मूस विलायतेला जाऊन आले होते कीं!" अशी शंका येणारच. आतां तो निळा रंग आठवावा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं दूरचा दगड घेतला, त्याला कमी लेखलें नाहीं. पण भिंत, माती, तूस आणि बाकीचे रंग इथलेच राहिले. विलायतेचें शिक्षण हा मूस यांचा निळा रंग होता. भिंत चाळीसगांवची होती. आपल्या मुलांना आपण दूर पाठवावें, अवश्य पाठवावें. मात्र भिंतच नसेल, तर तो निळा रंग लावावयाचा कशावर?

चाळीसगांवाहून जो फाटा धुळ्यास जातो, त्या धुळ्याजवळ गोंदूर नांवाचें खेडें आहे. तेथें सुतारकाम करणाऱ्या घरांत १९२५ सालीं राम सुतार जन्मले. लांकडाची जात, त्याचा रेषा-रेशा, हत्याराचा कोन हें त्यांनीं पुस्तकांत वाचलें नाहीं. तें घरांत होतें. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनीं तें हेरलें आणि मुंबईच्या कलाशाळेची वाट दाखविली. तेथें त्यांना १९५३ सालीं मेयो पदक मिळालें. आणि पुढें चार वर्षें त्यांनीं कोठें काढलीं? पुरातत्त्व खात्याच्या नोकरींत, अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी करण्यांत. २०१८ सालीं नर्मदेच्या कांठीं वल्लभभाई पटेलांचा जो १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, त्याचे हे शिल्पकार. २०२५ च्या डिसेंबरांत, वयाची शंभरी ओलांडून ते निवर्तले. एवढ्या उंच पुतळ्याचा पाया शोधूं लागलों, तर तो गोंदूरच्या सुतारशाळेपर्यंत पोंचतो.

श्रोतेहो, हीं सारीं मोठीं माणसें झालीं. आपण आपल्या घरापुरतें काय करावें? तीन साध्या गोष्टी सुचवितों. पहिली : घरांतली एकच वस्तु, समजा पितळेचा तांब्या, सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीस मुलाला पाहावयास सांगावें व तिन्ही वेळां काढावयास सांगावें. एकच तांब्या तीन प्रकारचा असतो, हें त्याला कळलें कीं त्याचें निम्मं शिक्षण झालें. दुसरी : छायाचित्र घेण्यापूर्वीं त्या जागेभोवतीं एक फेरी मारावी, एकदां खालीं बसून पाहावें आणि मगच कळ दाबावी. तिसरी : श्रावणांत कानबाई बसेल तेव्हां किंवा घरीं लग्नकार्य निघेल तेव्हां, बाजारांतून तयार आरास आणण्याआधीं परसांत आणि शेतांत काय आहे तें पाहावें, ज्वारीचीं ताटें, केळीचे खांब, आंब्याचे डहाळे यांनीं आपल्या आज्यापणज्यांचे मांडव सजले होते आणि ते उणे दिसत नव्हते.

आणि मुलानें चित्र आणून दाखविलें कीं "छान" म्हणून तें बाजूला ठेवूं नये. चित्रकलेच्या परीक्षेनें शालान्त परीक्षेंत किती गुण वाढतील, हेंहि लगेच विचारूं नये. एवढेंच विचारावें : "बाळ, हें तूं कोठें पाहिलेंस?" या प्रश्नाला ज्या दिवशीं तें खिडकीकडे बोट दाखवील, त्या दिवशीं स्फूर्ति आपल्या घरीं राहावयास आली, असें खुशाल समजावें.

नभोवाणी ही कानांची सोबतीण. तिच्याद्वारें मीं आज आपल्या डोळ्यांची कैफियत मांडली.